पारनेरचं कोरडवाहू गुरुत्वाकर्षण

मोठा माणूस नेमका किती मोठा आहे, हे तोलल्याशिवाय कळत नाही. फ्लेक्स लागतात, चौकांना नावं दिली जातात, गौरव अंक निघतात. पण या सगळ्यात अंदाजाचा भाग फार. तुलेत तसं नाही. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात पेढे, दांडी आडवी झाली की थोरवी किलोत हाती येते. शिवाय नंतर ते पेढे वाटले जातात, म्हणजे जनतेला थोरवीचा थेट लाभ होतो (प्रत्येकी दोन नग). जनतेला इतका ताबडतोब लाभ देणारी दुसरी योजना निदान आपल्या जिल्ह्यात तरी आजवर राबवली गेलेली नाही.

सुप्याचे महमूदभाई तांबोळी हे या व्यवस्थेचे आधारस्तंभ, पण त्यांना तसं कधी कुणी सांगितलं नाही. जिल्ह्यातला शेवटचा मोठा तराजू त्यांच्याकडे आहे. आजोबांनी गुळाच्या अडतीसाठी घडवून घेतलेला. साडेपाच हातांची लोखंडी दांडी, जाडजूड साखळ्या आणि माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन पितळी पारडी. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा बाकीचे असले तराजू भंगारात गेले. हा वाचला, कारण तुलेला इलेक्ट्रॉनिक काटा चालत नाही. त्याला दुसरं पारडंच नसतं, आणि नेता एकटा काट्यावर उभा राहिला की फोटो दवाखान्यातला वाटतो.

गेल्या बावीस वर्षांत महमूदभाईंनी दोनशे चौदा माणसं तोलली. तपशील असा: पेढे १३१, गूळ ४०, वह्या ३१, लाडू ११ आणि कांदे १. (ही कांदेतुला भाव पडल्याच्या निषेधार्थ होती. उत्सवमूर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं ते भावना अनावर झाल्यामुळे, असं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं होतं.) या दोनशे चौदा वेळा त्यांनी एक शिस्त कधी मोडली नाही. आधी रिकामी पारडी टांगायची, दांडी स्थिर होऊ द्यायची, आणि समोरच्या गर्दीतला कुणीही एक माणूस वर बोलावून त्याला काटा दाखवायचा.

"बघा भाऊ, मधी हाय का?"

तो माणूस "हाय" म्हणाला, की मगच उत्सवमूर्तीनं पारड्यात पाय ठेवायचा. आमदार असो नाहीतर महाराज असो, त्याआधी महमूदभाई बसू देत नसत. लोक हसायचे. महमूदभाई हसायचे नाहीत. आजोबांनी काटा हातात देताना एवढंच सांगितलं होतं, की याला खोटं बोलायला लावू नको, आणि ते त्यांनी भलतंच मनावर घेतलेलं होतं.

तर पारनेर तालुक्यातल्या पिंपळटेकच्या आप्पासाहेबांची एकसष्टी आली. आप्पासाहेब म्हणजे शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, दूध संघाचे माजी अध्यक्ष आणि इतर सतरा ठिकाणचे सल्लागार. माणूस दिलदार, आवाज मऊ. कुणाला कधी तोडून बोलले नाहीत. ज्याला तोडायचं त्याला न बोलताच तोडत. पेढेतुला ठरलीच होती. अडचण एकच होती. राहुरीकडच्या, विरोधी गटाच्या कल्याणरावांची तुला दिवाळीत झाली आणि ती एकशे एक किलो भरली. आप्पासाहेब भरत होते शहाण्णव.

वर्षापूर्वी हेच आप्पासाहेब एकशे आठ होते. पण शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि त्यांच्या मंडळी रतनबाई यांनी घरातला भात बंद केला. एका बाईच्या घरगुती निर्णयामुळे तालुक्याच्या प्रतिष्ठेला बारा किलोंचा फटका बसला. सत्कार समितीनं रतनबाईंना भेटून परिस्थितीचं गांभीर्य समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमाला नेता पायजे, मला नवरा पायजे." समितीनं ही सूचना नोंदवून घेतली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

पुढचा विषय महमूदभाई होते. त्यांना पिंपळटेकला बोलावलं गेलं, चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली आणि मग आप्पासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "महमूदभाई, तुमच्या काट्याला थोडा पासंग लावला, तर कुनाला काय कळतंय?"

पासंग म्हणजे पारड्याखाली चिकटवायचं गुपचूप वजन. महमूदभाईंनी कप खाली ठेवला.

"आप्पासाहेब, तुमचं मीठ खाल्लंय. पर ह्या काट्याला खोटं बोलायला येतच न्हाई, तर म्या काय करू?"

"आमी कुठं खोटं बोला म्हनतो? एकशे एकच्या वर भरलं की झालं. भरलं तर काटा खरा. आन् न्हाई भरलं," आप्पासाहेबांनी उसासा टाकला, "तर काटा बिघडलाय, असं मला स्टेजवरून सांगावं लागंल. चार तालुक्यांची लोकं येनार हायेत. माझा नाइलाज हाय."

 तीन पिढ्यांच्या काट्याला भर सभेत खोटा म्हणायचं! घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. खातून भाकरी थापत होती, ती थांबली. "अवं, मग पासंग लावनार का काय तुमी?" महमूदभाई म्हणाले, "न्हाई." "मग तोंड कशापायी पाडलंय?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. पण त्या संध्याकाळी ती दोनदा उठून पडवीत गेली आणि तराजूवरचं फडकं नीट करून आली, हे महमूदभाईंनी बघितलं.

आता इथे आप्पासाहेबांचा मोठेपणा लक्षात घ्यावा. दुसरा कुणी असता तर त्यानं जबरदस्ती केली असती. आप्पासाहेबांनी समितीला स्पष्ट सांगितलं, की तत्त्वाला धरूनच काय ते करा; काटा खोटं बोलत नसेल तर त्याला त्रास देऊ नका, दुसरं काही खोटं बोलतंय का ते बघा. तेव्हा संस्थेच्या विद्यालयातले विज्ञानाचे गहिनीनाथ सर, जे समितीचे चिटणीस होते (ठराव लिहायला अक्षर चांगलं लागतं), त्यांच्या तोंडून निघून गेलं, की तसं बघितलं तर वजन हे सगळीकडे सारखं नसतंच. पृथ्वी ओढते म्हणून वजन. उंच जागी कमी ओढते, सखल जागी जास्त.

समितीतले सगळे सरांकडे बघायला लागले. बावीस वर्षं वर्गात हेच वाक्य बोलताना सरांकडे असं कुणीही बघितलं नव्हतं.

"किती फरक पडतो?" समितीनं विचारलं.

सरांनी कागदावर आकडेमोड केली. जिल्ह्यातली सगळ्यात उंच जागा कळसूबाईचं शिखर आणि सगळ्यात सखल जागा नेवाशाकडची गोदाकाठची, यांत शहाण्णव किलोंच्या माणसामागे फरक तीस ग्रॅम. म्हणजे एक पेढा. सर "तीस" म्हणाले आणि पुढचं बोलायला खाकरले, तेवढ्यात टाळ्या पडल्या. इतिवृत्तात "तीस" असंच नोंदवलं गेलं. तीस काय, हा तपशील उपसमितीवर सोपवण्यात आला.

अशा रीतीनं गुरुत्वाकर्षण पाहणी दौरा निघाला. दोन जीपगाड्या, मागे महमूदभाईंचा छोटा हत्ती टेम्पो, त्यात तराजू आणि शंभर किलोंची लोखंडी वजनं. दुसऱ्या जीपमध्ये आप्पासाहेब स्वतः, कारण तोलायचं त्यांनाच होतं. महमूदभाईंनी निघतानाच विचारलं होतं, "सर, माझं शिक्षान सातवी. पर पृथ्वी वढंल तर दोनी पारडी वढंल का न्हाई? आप्पांना येक आन् पेढ्यांना येक, असा दुजाभाव ती कशाला करंल?" सर म्हणाले, "तुमचा प्रश्न चांगला आहे." वर्गातसुद्धा उत्तर द्यायचं नसलं की सर हेच म्हणत.

दौऱ्याचे निष्कर्ष नंतर पुस्तिकेच्या रूपानं निघाले. त्यातला महत्त्वाचा भाग असा. सुपा एमआयडीसीत आप्पासाहेब शहाण्णव किलो भरले. इथलं गुरुत्वाकर्षण औद्योगिक प्रकारचं असून ते तीन पाळ्यांत चालतं (समिती जेवणाच्या सुट्टीत पोचल्यामुळे पूर्ण क्षमतेची पाहणी होऊ शकली नाही). पारनेरला शहाण्णव. इथलं गुरुत्वाकर्षण कोरडवाहू. पावसाच्या भरवशावर, बेभरवशाचं, आणि मार्चनंतर टँकरवर. राहुरीला मुळा धरण, कालवे, ऊस. इथलं गुरुत्वाकर्षण उघडच बागायती. तिथे सकाळी शहाण्णव भरले, पण दुपारी साडेसत्त्याण्णव. मधल्या वेळात आप्पासाहेबांच्या साडूंकडे पुरणपोळ्या झाल्या होत्या. या बाबीचा वजनाशी संबंध असल्याचा पुरावा समितीपुढे आला नाही.

"बघितलं का?" आप्पासाहेब पारड्यातच ढेकर देत म्हणाले. "जिमिनीतच दम हाय हितल्या."

"दम पुरनाचा हाय," महमूदभाई पुटपुटले. ते इतिवृत्तात आलं नाही.

दौरा अकोले तालुक्यातही गेला. कळसूबाईच्या शिखरावर समिती प्रत्यक्ष गेली नाही. पायथ्याच्या गावात चहा घेतला आणि वर बघितलं. तेवढ्यानंही दोन सदस्यांना हलकं वाटलं, असं त्यांनी लेखी दिलं आहे.

पुस्तिका छापून आली आणि तालुका पेटला. पेटणारच! इतकी वर्षं पारनेरकरांना वाटत होतं, की आपला कांदा हलका, आपली जनावरं हलकी, पोरं भरतीला गेली की वजनात नापास, हे सगळं नशिबाचे भोग. ते नशीब नव्हतं, ते गुरुत्वाकर्षण होतं. आणि ते नेमकं कुठे जास्त? कल्याणरावांच्या हद्दीत! पिंपळटेकच्या ग्रामसभेनं एकमतानं ठराव केला, की गुरुत्वाकर्षणाचं समन्यायी वाटप व्हावं, आजवरचा अनुशेष भरून निघावा, आणि मुळा धरणातून पाण्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचंही एक उन्हाळी आवर्तन पारनेरसाठी राखीव ठेवावं. तलाठ्याकडे अर्ज गेले, की सातबाऱ्यावर पिकाशेजारी गुरुत्वाचा रकाना टाकून द्या. तलाठी म्हणाले, सर्व्हर डाऊन आहे. लोकांनी याचा अर्थ तत्त्वतः मान्यता असा घेतला. सुपा चौकात दोन तास रास्ता रोको झाला. एका वक्त्यानं तर सांगून टाकलं, की राहुरीच्या बायांच्या डोक्यावरचा हंडा जड आणि आमच्या बायांचा हलका, हा आमच्या बायांचा अपमान आहे. बाया हसल्या. त्यांच्यातल्या एकीनं, हंडा रिकामा असल्यावर हलकाच लागतो, अशी पाण्याची तक्रार मांडली. पण विषय गुरुत्वाकर्षणाचा असल्यामुळे तिला थांबवण्यात आलं.

महमूदभाई रास्ता रोकोत अडकले होते. छोट्या हत्तीत बसून ऐकत होते. त्यांना राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. समोर उभे असलेले मुसलमान शेतकरी, हिंदू शेतकरी, वडापवाले, दूधवाले, सगळी ओळखीची माणसं. दोनशे चौदातल्या कुठल्या ना कुठल्या तुलेत यांच्यापैकी बऱ्याच जणांनी स्टेजवर येऊन काटा बघितला होता, "मधी हाय" म्हटलं होतं. तीच माणसं आता घसा फोडून ओरडत होती, की पृथ्वी पक्षपाती आहे.

समितीपुढचा पेच मात्र सुटलेला नव्हता. जड गुरुत्वाकर्षण विरोधकांच्या तालुक्यात. तिथे आप्पासाहेबांची एकसष्टी करायची म्हणजे नाक कापून घ्यायचं. शिवाय महमूदभाईंचा तो सातवी पास प्रश्न आप्पासाहेबांच्या डोक्यात बसला होता. दोन्ही पारडी सारखीच ओढली गेली तर? मग आप्पासाहेबांनीच मार्ग काढला. नेतृत्व यालाच म्हणतात. ते म्हणाले, मला जड करता येत नसंल, तर पेढे हलके करा. जिथं पृथ्वी कमी वढते तिथले पेढे आना.

सर काहीतरी बोलणार होते, की पेढा खाली आणला की तो खालच्यासारखाच होतो. पण आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष होते आणि सरांच्या मुलीची त्याच संस्थेत मुलाखत व्हायची होती. सरांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहून काढला.

हलवाई कळसूबाईच्या पायथ्याला रवाना झाला. तिथल्या दुधाचा खवा, तिथेच पेढे, तिथेच एक-एक किलोची खोकी. प्रत्येक खोक्यावर छापलं होतं: "शिखर पेढे, निव्वळ वजन १ किलो". किलो खरोखरच किलो होता. हलवायाचा काटा नवा होता. पण उंचीचा गुण नीट मुरावा म्हणून समितीच्या आदेशावरून खोक्यांची झाकणं उघडी ठेवून ती नऊ दिवस माळ्यावर, पंख्याखाली ठेवली गेली. जानेवारीचा कोरडा वारा, वर पंखा. नऊ दिवसांनी पेढे असे झाले की पडले तर फरशीवर खणकन आवाज येईल. मग झाकणं लावून, गुरुत्वाकर्षण चढू नये म्हणून ताडपत्री घट्ट बांधून, गाडी कुठेही न थांबवता पिंपळटेकला आणली.

एकसष्टीला मैदान भरून गेलं. महमूदभाईंनी तराजू टांगला. नेहमीप्रमाणे रिकामी दांडी स्थिर झाली, आणि त्यांनी पुढच्या रांगेतल्या एकाला वर बोलावलं.

"बघा भाऊ, मधी हाय का?"

"हाय."

आप्पासाहेब फेटा बांधून पारड्यात बसले. दुसऱ्या पारड्यात खोकी चढायला लागली. सूत्रसंचालक मोजत होता. नव्वद. पंच्याण्णव. शहाण्णव झाली, आणि महमूदभाई काट्याजवळ वाकले, कारण दांडी इथेच आडवी व्हायला हवी होती. ती झाली नाही. सत्त्याण्णव. शंभर. एकशे एक झाली तेव्हा मैदान उभं राहिलं. एकशे दोनाव्या खोक्याला दांडी डुलली, आणि काटा मधोमध थांबला.

काय जल्लोष झाला म्हणता! हलग्या वाजल्या, फटाके उडाले, जेसीबीतून फुलं पडली. सूत्रसंचालकानं जाहीर केलं: आप्पासाहेब एकशे दोन किलो! विज्ञानाचा विजय! कळसूबाईच्या पेढ्यानं हलकेपणा सिद्ध केला आहे! आणि आप्पासाहेबांनी पारड्यात बसल्या बसल्या माइक घेऊन मऊ आवाजात सांगितलं, की आपल्या महमूदभाईंचा काटा शंभर टक्के खरा आहे. शाल आली, नारळ आला.

इथे महमूदभाईंनी शाल घेतली असती, तर ही गोष्ट आनंदात संपली असती. काटा खरा ठरला होता. आजोबांचं नाव राहिलं होतं. काट्यानं लबाडीही केली नव्हती. जे तोललं ते बरोबरच तोललं होतं. पण नारळ घ्यायला हात पुढे करण्याआधी त्यांनी, उगाच, सवयीनं, पारड्यातलं वरचं खोकं उचललं. चाळीस वर्षं वजनं उचललेला हात तो. खोकं किलोचं नव्हतं. पन्नास-साठ ग्रॅम कमी होतं. त्यांनी झाकण उघडलं आणि पेढा दाबून बघितला. पेढा दबला नाही.

"साहेब, येक मिंट," ते म्हणाले. "लोखंडी वजनं लावून बघू. पेढे वाळलेत."

कुणी हो म्हणायच्या आत त्यांनी खोकी उतरवायला घेतली. एकटेच उतरवत होते. मग एकेक वजन ठेवत गेले. दहा, वीस, पन्नास. शहाण्णवला दांडी आडवी झाली. महमूदभाई माइकजवळ गेले. "शहाण्णव हायेत. खोक्यावर किलो लिवलंय, आत किलो न्हाई. माझ्या काट्याला तुमी खरा म्हनला, मंग ह्ये बी खरं माना."

आता पेच लोकांपुढे आला. काटा खरा मानावा, तर आप्पासाहेब शहाण्णव, कल्याणराव एकशे एक, आणि हातात येणारा पेढा वाळका. लोकांनी गहिनीनाथ सरांकडे बघितलं. सरांनी स्टेजच्या फळ्यांकडे बघितलं. मग माइकवर येऊन ते म्हणाले, की लोखंड हे सखल भागातून आलेलं असल्यामुळे मुळातच जड असतं, त्यामुळे त्यानं केलेलं मोजमाप शास्त्रीयदृष्ट्या... पुढचं टाळ्यांत गेलं.

विषय मताला टाकण्यात आला. आप्पासाहेबांचं वजन एकशे दोन किलो आहे, असा ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. विरोधात एक मत (रतनबाई, कारण कौटुंबिक). दुसऱ्या ठरावानं महमूद तांबोळी यांचा काटा बिघडलेला असल्याचं जाहीर करण्यात आलं. ज्यानं थोड्या वेळापूर्वी वर येऊन "हाय" म्हटलं होतं, त्याचा आवाजही त्यात होता. मग पेढे वाटले. लोकांनी ते चघळत चघळत घरी नेले आणि म्हाताऱ्यांना चहात बुडवून दिले.

सर नंतर टेम्पोजवळ आले. साखळ्या चढवायला हात लावत हळूच म्हणाले, "महमूदभाई, बरोबर तुमचंच होतं."

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

"तेव्हा मी स्टेजवर होतो ना," सर म्हणाले.

महमूदभाईंना फार वाईट वाटलं. घरी येऊन ते जेवले नाहीत.  खातूननं तराजूची पारडी चिंचेनं लख्ख घासून काढली, आणि घासताना पिंपळटेकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्यानंतर तुलेची एकही सुपारी आली नाही. आता नगरहून भाड्यानं नवा डिजिटल तराजू येतो. त्याला दोन पारडी असतात, दिवे असतात, आणि आकडा रिमोटवर आधीच घालून ठेवता येतो, त्यामुळे तुला वेळेत संपते. मागच्या हंगामात जिल्ह्यात अकरा तुला झाल्या. सरासरी थोरवी एकशे सव्वीस किलो आली. इकडे महमूदभाईंनी आपला तराजू घरासमोरच्या लिंबाला टांगला आणि पाटी लावली: "येथे खरं वजन करून मिळेल. फुकट." अकरा महिन्यांत तिघे आले. एकाला एमआयडीसीचा रस्ता विचारायचा होता. एकानं बोकड तोलून नेला.

तिसरे आले ते ऐन उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. गाडी लांब उभी करून रतनबाई पुढे, मागे आप्पासाहेब, डोक्यावर टॉवेल घेतलेले. गाल बसले होते.

"भाईजान," रतनबाई म्हणाल्या, "औशीदाचा डोस वजनावर ठरतुया. डॉक्टर म्हनतो खरं वजन सांगा. जिथं जाईल तिथं काटा बाजूला सारत्यात आन् मानानं एकशे दोन लिवत्यात. दवाखान्यातली नर्स बी आमच्याच गावची. एकशे दोनचा डोस चाललाय तीन म्हैने. मानूस चक्कर यिऊन पडाय लागलाय."

महमूदभाईंना खूप काही बोलता आलं असतं.  त्यांनी दांडी स्थिर होऊ दिली. आणि समोर दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून आप्पासाहेबांनाच पुढे बोलावलं.

"बघा साहेब, मधी हाय का?"

आप्पासाहेबांनी वाकून काटा बघितला. "हाय," ते म्हणाले, आणि पारड्यात बसले. एकोणनव्वद भरले. रतनबाईंनी आकडा तळहातावर पेनानं लिहून घेतला आणि पदराआड हात झाकला. खातूननं लोटाभर पाणी आणून दिलं. जाताना आप्पासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "महमूदभाई, ह्ये कुनाला सांगू नका." महमूदभाईंनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी लोकांनी मतदानच घेतलं असतं.

पाटी अजून तिथेच आहे. पुण्याहून नगरकडे येताना सुप्यात डाव्या हाताला लिंब दिसतो. तुम्हीही या. अर्थात तुम्ही येणार नाही. तुमच्याकडे तुमचा काटा आहे, काचेचा, न्हाणीघराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला. सकाळी तुम्ही तो खिडकीजवळच्या फरशीवर ठेवता, वर चढता, आकडा बघता, उतरता, आणि घरातलं कुणी बघत नाही ना याची खात्री करून पायानंच हळूच दाराजवळच्या फरशीवर सरकवता. तिथे सव्वा किलो कमी भरतं. डॉक्टरांना तुम्ही सांगता तो आकडा त्या फरशीवरचा आहे.